दाव्याचं माप

खंडूभाऊ,

तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले. तेराव्यापासून कालपर्यंत मी एकाच गोष्टीवर अडून होते. त्या रविवारी गॅरेजच्या दारात, सगळ्या मंडळींसमोर, तुम्ही मला ‘तुमचंच खरं, ताई’ असं का म्हणालात?

दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी पेढे वाटून मोकळी झाले असते. पण तुम्ही? अकरा वर्षांत तुम्ही कुणाचं खरं मानल्याचं मला आठवत नाही. चहात आलं किती ठेचावं यावर तुमचा कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याशी रोज वाद. मुकुंदवाडीला पॅसेंजर किती मिनिटं थांबते यावर स्टेशनातल्या माणसाशी वाद, तोही त्याच्या हातात घड्याळ असताना. वहिनी म्हणायच्या, “ह्यांना सपनात कुणी हरवलं ना, तर उठून पाणी पितेत आन परत झोपतेत, राहिलेलं भांडायला.” अशा माणसानं ब्रेकच्या बाबतीत, म्हणजे स्वतःच्या धंद्याच्या बाबतीत, एका वाक्यात हार मानली आणि मी ती खरी धरून चालले. माझ्या हुशारीचं हे एक प्रमाणपत्र समजा.

नुसतं रडायला मी हे लिहीत नाही. रडून झालंय, भरपूर. तुमच्या त्या एका वाक्यावर आणि माझ्या तोऱ्यावर विसंबून आपल्या मंडळींतले विलासराव आज सकाळी दोन्ही लेकरांना जीपमध्ये घालून म्हैसमाळच्या अलीकडची दगडी उतरण उतरणार होते. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीत असलेलंही सांगते, कारण मी बोलत असताना तुम्ही मध्येच तोडणार नाही अशी ही पहिलीच वेळ आहे.

आपली ओळखच गैरसमजातून झाली. मी बजाजनगरात राहते, वाळूजच्या एका कारखान्यात ब्रेकचे पाईप तपासते. सव्वीस वर्षं तेच काम. जुनी जीप घेतली तेव्हा शेजाऱ्यांपासून कारखान्यापर्यंत सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. रविवारी डोंगरात गाड्या घालणारी मंडळी तुमच्या गॅरेजवर जमतात असं कळलं, म्हणून मी तिथं आले. दहा-बारा पुरुष आणि मी. विलासराव, ज्यांचा ऊस पैठणकडं, नोकरी शहरात आणि आवाज दोन्हीकडं एकदम ऐकू जाईल असा, त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “मॅडम, सोबत डायवर नाय का आणला?” मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात माझ्या जीपखालून तुमचं डोकं बाहेर आलं आणि तुम्ही विचारलंत, “दाव्याचं माप घेतलंय का?”

मला ऐकू आला तो दावा. कुणी ग्राहक आमच्या मालाबद्दल तक्रार करतो, नुकसानीचा दावा लावतो. असल्या दाव्यांची मापं काढण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. मी ताठ मानेनं सांगितलं, “माझा काही दावा नाही. कागदावर लिहिलंय तसंच सगळं आहे.” तुम्ही असे हसत सुटलात की वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या.

“दावा नाय वं ताई, दावं! जनावराचं दावं!” आणि चेसिसपासून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापासून, चाकाकडं गेलेला तो वीतभर रबरी पाईप तुम्ही बोटानं दाखवलात. ब्रेक ऑइलची बाकी सगळी नळी पोलादाची, जागच्या जागी बसलेली. चाक वरखाली होतं, डावीउजवीकडं वळतं, त्याच्याबरोबर हलायला हा एवढाच तुकडा मोकळा. गाडी एका टोकाला, चाक दुसऱ्या टोकाला, मध्ये हे दावं. मी सव्वीस वर्षं ज्याला आकड्यानं ओळखते त्याला तुम्ही गोठ्यातलं नाव दिलं होतं, आणि खरं सांगू, ते नाव जास्त बरोबर होतं. तुमच्या तोंडावर मी हे कधी कबूल केलं नाही.

ते नाव कुठून आलं तेही तुम्हीच सांगितलं होतंत, एकदा पावसानं डोंगर बंद झाला आणि आपण गॅरेजमध्येच भजी खात बसलो तेव्हा. तुमचं घर मेंढरांमागं फिरणारं. बिऱ्हाड वाहायला एक घोडं होतं. सात-आठ वर्षांचे असताना वडलांनी तुम्हाला घोडं बांधायला सांगितलं. तुम्ही खुंटी ठोकली, घोडं खुंटीपाशी उभं केलं, तिथून मानेपर्यंत दोर मोजला आणि बांधून टाकलं. माप अगदी बरोबर. पण घोड्यानं चरायला मान खाली घातली तर तोंड गवतापर्यंत पोचेना. दिवसभर ते हिसके देत राहिलं. संध्याकाळी वडील आले तेव्हा मानेवरची कातडी सोलून निघाली होती. वडलांनी मारलं नाही. ते एवढंच म्हणाले, “जनावर जिथं उभंय तिथलं माप घ्यायचं नसतं पोरा. ते जिथवर जाणार, तिथवरचं घ्यायचं.”

“आन लई लांब बी नाय,” तुम्ही भजं मोडत म्हणालात. “पायात गुतलं म्हंजे मोडलं जनावर. पोचतंय त्याच्यावर एक बोट ढील. बास.”

ब्रेकच्या पाईपाबद्दल यापेक्षा नेमकं मी कुठल्याही मोठ्या पुस्तकात वाचलेलं नाही. गाडी उंच केली की पाईप बदलायचा का, असं कुणी विचारलं तर तुम्ही हो म्हणत नव्हता आणि नाही म्हणत नव्हता. “टांगून बघू,” म्हणायचात. चेसिसखाली जॅक लावायचा, चाकं हवेत लोंबकळू द्यायची, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि मग खाली शिरून बघायचं की पाईप ताणतो का, टायरला घासतो का. कुणाच्या गाडीला काहीच लागायचं नाही. कुणाच्या गाडीत पाईप जिथं चेसिसला धरलाय ती जागा पट्टी लावून खाली घेतली की भागायचं. कुणाला लांब पाईपच घालावा लागायचा. मंडळी वैतागायची, त्यांना एका शब्दात उत्तर हवं असायचं.

मीही तुम्हाला एक गोष्ट शिकवली, तेवढा माझा हक्क मी सोडणार नाही. कारखान्यात नट पुरता आवळला की आम्ही नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढतो. पुढं कधी नट फिरला तर रेघ तुटते आणि लांबूनही कळतं. मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावलात. “आता नटाला बी हळद लावायची का?” आठ दिवस थट्टा चालली. नवव्या दिवशी गुलमंडीतून पिवळ्या ऑइलपेंटचा छोटा डबा घेऊन आलात. ब्रश कुठला, काडेपेटीतली काडी बुडवून रेघ ओढायचात, थोडी वाकडी, आणि शेवटी काडी टेकून एक ठिपका. “हळद लागली, लगीन झालं. आता सुटायचं नाय,” हे वर. त्यानंतर तुमच्या गॅरेजमधून हळद न लागलेली गाडी बाहेर पडली नाही.

मग दिवाळीनंतर आमच्या मंडळींत गाड्या उंच करण्याची साथ आली. माझ्या जीपला तुम्ही स्प्रिंगचे नवे पाटे घातले, नवे शॉकअप घातले, जीप दोन इंच वर आली. सामानाबरोबर कागद होता: दोन इंचांपर्यंत उंची वाढवल्यास ब्रेकचे पाईप बदलण्याची गरज नाही. मी कागदावर विश्वास ठेवणारी बाई. तुम्ही टांगून बघू म्हणालात, मी म्हटलं वेळ कशाला घालवता.

“कागदानं तुमची गाडी बघितली का?”

“कागद लिहिणारे वेडे नसतात, भाऊ.”

“शहाणे हायेत, म्हनून तर घरी बसून लिहितेत. उंची दोन इंच वाढली, व्हय. पर ह्यो शॉकअप जुन्यापरीस लांब हाय. चाक खाली किती लटकायलंय ते लिहिलंय का कुठं?”

लिहिलं नव्हतं. पण मी तोवर चिडले होते, आणि चिडल्यावर मी ऐकत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. “मी घरी मोजते आणि पुरावाच आणते,” म्हणून जीप काढली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, पुरावा आणला. मोबाईलमध्ये फोटो: जॅकवर उचललेली जीप, आणि पाईप कसा छान सैल, कमान टाकून लोंबलेला. मी फोटो आधी सगळ्या मंडळींना फिरवून दाखवला, तुम्हाला शेवटी. विलासराव मोठ्यानं म्हणाले, “काय भाऊ, आज बाईमाणसानं धरलं का तुमाला? का बाईच चुकायलीय?” सगळे वाट बघत होते. तुमची तरी जिरते की माझी, एवढंच त्यांना हवं होतं.

तुम्ही कपाळावरचा चष्मा खाली घेतलात. दोन बोटांनी फोटो मोठा केलात. खूप वेळ बघितलंत. मग मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणालात, “तुमचंच खरं, ताई.” आणि सगळ्यांना चहा सांगितलात.

मी निघताना पाठीमागून हाक मारलीत. “नवे पाटे हायेत, नट ढिले पडतेत. बुधवारी गाडी आणून ठेवा, आवळून देतो.” मी आणून ठेवली. संध्याकाळी परत नेली. खाली डोकावले नाही. ब्रेक तपासणं हा जिचा धंदा आहे त्या बाईनं स्वतःच्या ब्रेककडं बघितलं नाही, कारण वाद जिंकला होता आणि जिंकलेल्या वादाकडं कोण परत बघतं?

त्यानंतरच्या महिन्यात मी किती मिरवलं! ‘खुद्द खंडूभाऊंनी मान्य केलं’ हे वाक्य मी कारखान्यातसुद्धा वापरलं. विलासरावांनी पुण्याहून जीप उंच करून आणली, तेच सामान, तोच कागद. त्यांनी विचारलं, मी छातीठोकपणे सांगितलं, पाईपाला हात लावायची गरज नाही. आणि मग त्या गुरुवारी फोन आला की तुम्ही जेवून उठलात आणि हात धुता धुता बसलात.

तेराव्याला तुमच्या घरी पंगतीत विलासराव माझ्यासमोर होते. म्हणाले, “ताई, रविवारी चाललो म्हैसमाळच्या उतरणीला. भाऊंच्या नावानं. लेकरं बी लई मागं लागलीत.” मी सहज विचारलं, पाईप बघितलेत ना? ते म्हणाले, “तुमीच तर सांगितलं गरज नाय. भाऊंनी बी कबूल केलं की.” मी हातातला घास ताटात ठेवला. तोवर तुमचं ते वाक्य मला नुसतं गोड लागत होतं. तिथं, तुमच्या फोटोला घातलेल्या हाराकडं बघताना, पहिल्यांदा वाटलं की हे तुमचं बोलणंच नव्हे.

म्हणून काल दुपारी मी अंगणात जीप टांगली. तुमच्या पद्धतीनं. जॅक चेसिसखाली, आधाराला लोखंडी घोड्या लावल्या, दोन्ही चाकं हवेत सोडली, स्टेअरिंग टोकापर्यंत वळवलं. खाली शिरले. पाईप ताणला नव्हता. बोट घातलं, बरोबर एक बोट ढील. दुसऱ्या बाजूलाही तेच. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतका झाला की मी जीपखालून मोठ्यानं म्हणाले, “बघा!” उत्तर आलं नाही. भांडायला समोर कुणी नसलं की जिंकण्यात काही राम नसतो हे मला तिथं पाठीवर पडल्या पडल्या कळलं, आणि मी खूप रडले.

मग सवयीनं हात पाईपावरून वर गेला. पाईप जिथं चेसिसला धरलेला असतो तिथं तो नव्हता. दीड इंच खाली होता. मध्ये एक लोखंडी पट्टी होती, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या. वरची पोलादी नळी कुठंही न मुडपता हळूच वाकवून खाली आणलेली. आणि नव्या नटावर पिवळी रेघ होती, थोडी वाकडी, शेवटी ठिपका.

बुधवारी नट आवळायला गाडी मागितली होतीत.

मी हात पुसून मोबाईल काढला आणि तो फोटो उघडला. महिनाभर ज्याला मी पुरावा म्हणत होते त्यात, खालच्या कोपऱ्यात, शेंबड्या पोरालाही दिसेल असा माझा जॅक होता. चेसिसखाली नव्हे, एक्सलखाली, दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याखाली. एक्सल खालून उचलला की गाडीचा भार पाट्यांवरच राहतो. चाक जमिनीवर असल्यासारखंच. लटकत काहीच नाही. पाईप सैल दिसणारच. मी आयुष्यभर पाईप टेबलावर ठेवून तपासला, गाडीखाली कधी नाही. मी घोडं खुंटीपाशी उभं करून दावं मोजलं होतं, भाऊ. तुमची ती गोष्ट भजी खात ऐकून, मान डोलावून, नेमकं तेच केलं होतं.

आणि तुम्ही फोटो मोठा करून बघितलात तेव्हा तुम्हाला तो जॅक दिसला होता. एवढा वेळ तुम्ही पाईप बघतच नव्हता. भोवती उभ्या असलेल्या माणसांपैकी निम्मी माणसं मी चुकायची अकरा वर्षं वाट बघत होती, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक होतं. म्हणून तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा हरलात, माझ्यासाठी. भावानं बहिणीसाठी आणखी काय करायचं असतं? माझ्या सख्ख्या भावानं तरी इतकं केलेलं नाही. हे तुम्हाला सांगायचं राहिलं, आणि ते राहिल्याचं दुःख मोठं आहे.

पण त्याच्या पाठोपाठ मला तुमचा रागही आला. चांगला सणसणून आला. माझा मान राखलात, माझी गाडी गुपचूप दुरुस्त केलीत, फार मोठं मन. आणि विलासरावांच्या गाडीचं काय? माझा खोटा दावा तुम्ही खरा म्हणून सोडून दिलात आणि तो गावभर फिरला. बाजूला नेऊन कानात सांगायचं होतं, ‘ताई, जॅक बघा.’ मी दोन दिवस फुगून बसले असते, तिसऱ्या दिवशी आले असते. ब्रेकपेक्षा माणसाचा मान मोठा का? तुम्ही म्हणाला असता, “मान तुटला तर जोडाय येत नाय, पाईप बदलता येतो.” मी म्हटलं असतं, पाईप उतरणीवर तुटला तर? असा हा वाद आहे, आणि तो अर्ध्यावर टाकून तुम्ही उठून गेलात. मला तो मान्य नाही.

कालच विलासरावांना फोन केला. डोंगराला जाण्याआधी गाडी मुकुंदवाडीला, भाऊंच्या गॅरेजवर आणा म्हटलं, आणि मंडळींनाही बोलवा. आज सकाळी वहिनींनी शटर उघडलं. तुम्ही गेल्यापासून ते बंदच होतं. त्यांनी आधी आत जाऊन तुमचा स्टूल पुसला आणि कुणी बसणार नाही अशा जागी सरकवून ठेवला.

मी मोबाईल विलासरावांच्या हातात दिला. म्हटलं, “फोटोत पाईप बघू नका, जॅक बघा कुठं आहे. मी चुकले होते. भाऊंना त्याच दिवशी कळलं होतं. तुमच्यासमोर माझं हसं होऊ नये म्हणून ते हरले.” एवढं बोलायला मला जितकं जड जाईल असं वाटलं होतं तितकं गेलं नाही. कुणी हसलंही नाही. विलासरावांचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आला की पुढं वाकून ऐकावं लागलं. “भाऊंनी मला दोनदा फोन केला वं ताई. नवे पाटे हायेत, गाडी आणा, नट आवळून देतो म्हणले. मी म्हणलं, बघू की, काय घाई हाय.”

नट आवळून देतो! म्हणजे तुम्ही त्यांच्याही गाडीकडं निघालाच होता. भाऊ, अर्धा वाद तुम्ही गेल्यावरही जिंकलात. अर्धा अजून माझा आहे. दुसऱ्या फोनच्या वेळी खरं कारण सांगायला हवं होतं.

त्यांची जीप टांगली. जॅक पुरता वर जायच्या आतच मी “थांबा!” म्हणून ओरडले. चाकं अजून जमिनीला टेकलेली होती आणि पाईप ताणून सरळ झाला होता. स्टेअरिंग तर वळवायचंच होतं. विलासराव खाली वाकून बघत राहिले. मग उठून बाजूला गेले आणि घरी फोन लावला. “लेकरांना सांग, आज नाय जायचं,” एवढंच बोलले. 

त्यांच्या गाडीला पट्टीनं भागणार नव्हतं, लांब पाईप लागणार होता. तुमच्या खिळ्यावर दोन टांगलेले होते. वहिनींनी काढून दिले. माप सुतळीनं घेतलं, चाक जिथवर जाणार तिथवरचं, वर एक बोट. पाईप बसवल्यावर आतली हवा काढायची तर पायडल दाबायला माणूस हवा. मला कधीकाळी सोबत डायवर नाही का म्हणणारे विलासराव निमूटपणे डायवरच्या जागी बसले. मी खालून सांगत होते, “दाबा. धरून ठेवा. आता सोडा.” तासभर ते माझ्या शब्दावर पाय हलवत होते. मग पुन्हा गाडी टांगली, स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवलं. ताण नाही, टायरला घास नाही. मी बोट घालून बघितलं, मग त्यांना घालायला लावलं.

ते म्हणाले, “तुमचंच खरं, ताई.”

“माझं नाही. भाऊंचं,” मी म्हटलं.

वहिनींनी न मागता पिवळा डबा आणि काडेपेटी आणून दिली. झाकण घट्ट बसलं होतं, त्यांनीच तुमच्या पान्यानं उचकटलं. गाडीखाली शिरून मी काडी बुडवली आणि नटावरून रेघ ओढली. मी सव्वीस वर्षं सरळ रेघा ओढणारी बाई, पण ही वाकडी आली. मी ती पुसली नाही. काडी टेकून शेवटी ठिपका दिला.

बाहेरून विलासरावांनी विचारलं, “ताई, हळद लागली का?”

“लागली,” मी म्हटलं. “आता सुटायचं नाय.”